न टोचलेल्या सुईची फी

तापानं फणफणलेला माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर घसा बघतात, छाती-पोट तपासतात, चार प्रश्न विचारतात आणि म्हणतात, ‘‘व्हायरल दिसतोय. पॅरासिटामॉल घ्या, पाणी पीत राहा, तीन-चार दिवसांत उतरेल. सुईची गरज नाही, सलाइनची तर नाहीच नाही.’’ पायऱ्या उतरता उतरता तो बायकोला म्हणतो, ‘‘ह्याला काही कळत नाही, पैसे मात्र घेतले.’’ आणि दोघं एसटी स्टँडसमोरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तिथं कमरेत सुई मिळते, हाताला बाटली लागते, तीन रंगांच्या गोळ्यांची पुडी मिळते. चौथ्या दिवशी ताप उतरतो. तो उतरणारच होता. पण श्रेय जातं दुसऱ्या डॉक्टरला, आणि त्यांच्या हाताला कसा गुण आहे हे पाहुण्यारावळ्यांत सांगितलं जातं.

या दोघांत चांगला डॉक्टर कोणता, हे वाचणाऱ्याला लगेच कळलं असेल. पैसे कुणाला जास्त मिळाले आणि पुढच्या साथीत गर्दी कुणाकडे होईल, हेही तितकंच लगेच कळतं, आणि खरी गोची तिथंच आहे. आरोग्यसेवेच्या दर्जाचा विषय निघाला की बोट डॉक्टरांच्या हावेकडे किंवा सरकारच्या नाकर्तेपणाकडे जातं. दोन्हींत तथ्य आहे. पण रुग्ण म्हणून आपण ज्या मापानं दर्जा मोजतो ते मापच उलटं आहे, असं माझं मत आहे. किती केलं हे आपण मोजतो. काय टाळलं आणि शेवटी रुग्णाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. म्हणून कुणी सांगतही नाही.

सलाइनचंच घ्या. ‘अंगात ताकद येते’ म्हणून जी डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली लावतात, तिच्यात साधारण २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे १०० कॅलरी. एक मोठं केळं खाल्लं तरी तेवढ्या मिळतात. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या, तोंडानं घेतलेलं पाणीही टिकत नसलेल्या रुग्णाला शिरेतून दिलेलं पाणी जीव वाचवतं, यात वाद नाही. पण थकवा आला म्हणून बाटली लावून घेणाऱ्याला तिच्यातून मिळतं ते मुख्यतः समाधान, आणि सुई निर्जंतुक नसेल तर त्याबरोबर आणखीही काही.

शहरातली शिकलेली माणसं हे वाचून हसतील. त्यांचीही सलाइन असते, फक्त नाव वेगळं असतं. कंबर आठवडाभर दुखली की ती स्वतःहून एमआरआय काढून येतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यातली चकती थोडी फुगलेली दिसते. वयानं केस पिकावेत तशी. मग रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ शब्द वाचून झोप उडते, आणि व्यायामानं थांबलं असतं ते दुखणं ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतं.

दर पावसाळ्यात डेंग्यू येतो तेव्हा तर हा खेळ घरोघर चालतो. घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ प्लेटलेट्सचे आकडे पडतात. ७० हजार, ५५ हजार, ४० हजार. कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं, कुणी रक्तपेढीबाहेर रांगेत उभं राहतं. आणि जे डॉक्टर ‘‘प्लेटलेट्स चढवायची गरज नाही’’ म्हणतात ते नातेवाइकांना निष्काळजी वाटतात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याचं सहसा कारण नसतं, असं आपल्या देशाच्याच उपचार-मार्गदर्शिकेत आहे. डेंग्यूत खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याचा, आणि तो नेमका ताप उतरू लागतो त्या दिवसांत असतो. म्हणजे घरचे ‘आता बरं आहे’ म्हणून सुस्कारा सोडतात तेव्हा चांगला डॉक्टर जास्त सावध झालेला असतो. तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते, बघतो, लघवी किती झाली विचारतो, पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, रुग्ण सुस्त पडलाय का, हे तपासतो. द्रव किती द्यायचा हे मोजूनमापून ठरवतो, कारण जास्त झाला तर तोही फुफ्फुसात साठतो. यातलं बिलावर फारसं काही दिसत नाही. प्लेटलेट्सच्या पिशव्या मात्र दिसतात.

हृदयाची गोष्ट याहून नाजूक. हार्ट अटॅक आलेला असताना बंद झालेली रक्तवाहिनी लवकरात लवकर उघडणं म्हणजे जीव वाचवणं. तिथं दुसरं मत घेत बसायचं नसतं. पण चढ चढताना छातीत भरून येतं, बसलं की थांबतं, महिनोनमहिने तसंच आहे, अशा स्थिर दुखण्यात स्टेंट बसवल्यानं, नीट औषधं घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू किंवा अटॅक कमी होतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’मध्ये नाही, २०२०च्या ‘इस्केमिया’तही नाही. छातीतलं दुखणं कमी होतं, आणि ते कारणही पुरेसं असू शकतं. पण अँजिओग्राफीच्या टेबलवर रुग्ण आडवा असताना बाहेर नातेवाइकांना स्क्रीनवर ९० टक्के ब्लॉक दाखवून ‘आत्ताच निर्णय घ्या’ म्हटलं जातं, तेव्हा हा फरक सांगितला जातो का? २०१७च्या फेब्रुवारीत केंद्रानं औषध सोडणाऱ्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधून दिली. चांगलं झालं. किंमत बांधता येते. गरज होती का, हे मात्र कुठल्या अधिसूचनेत बांधता येत नाही.

बाळंतपणाचे आकडे तर सगळ्यांसमोर आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी रुग्णालयांतली १००पैकी ४७ बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारीत १४. अवघडलेली बाळंतीण बहुतेकदा खासगीतून जिल्हा रुग्णालयात पाठवली जाते, उलट क्वचितच. तेव्हा खासगीत केसेसच कठीण येतात, हे उत्तर पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की लोकसंख्येत सिझेरियनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं तरी त्यामुळे माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. आता यात सगळा दोष डॉक्टरांचा म्हणावा, तर मुहूर्त काढून आणणारं सासर कुणाच्या खात्यात टाकायचं?

आणि मग बीड. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागे एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण १००मागे तीनच्या आसपास आहे. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, अशी तक्रार घेऊन बाई यायची; ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ असं सांगितलं की घरचे दागिने मोडून पैसे उभे करायचे. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेतून, पैसे कापणार, हाही हिशोब मागं होताच. या बायकांनी डॉक्टर निवडला होता. पैसे मोजून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन निवडला होता. ‘रुग्णानं जागरूक राहावं’ एवढं सांगून जे लेख संपतात, त्यांनी या फडावर जाऊन ते वाक्य म्हणून बघावं. गोळ्यांनी बरा होणारा जंतुसंसर्ग आणि काढावीच लागणारी पिशवी यांतला फरक तिला कुणी सांगायचा?

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपल्याकडे अतिउपचारांइतकाच अनुपचाराचाही रोग आहे. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या डोंगरात ज्या बाईला वेळेवर सिझेरियन मिळत नाही तिला ‘कमीत कमी उपचार म्हणजे दर्जा’ सांगणं ही क्रूर थट्टा होईल. ‘काही नाही, घरी जा’ असं डोळे वर न करता सांगणारा डॉक्टरही ‘गरज नाही’च म्हणत असतो. मग दोघांच्या नकारातला फरक ओळखायचा कसा? माझ्या मते तो नकारानंतरच्या वाक्यात असतो. चांगला डॉक्टर गरज का नाही ते सांगतो, आणि कधी परत यायचं तेही. ‘‘परवापर्यंत ताप राहिला तर या. श्वास लागला, बाळ दूध प्यायचं थांबलं, झटका आला, तर रात्री दोन वाजता असेल तरी या.’’ त्यानं हात लावून तपासलेलं असतं, चिठ्ठीवर काही लिहिलेलं असतं. नुसता टाळणारा तपासत नाही, लिहीत नाही आणि पुढचं काही सांगत नाही.

अशा सांगण्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेला आपल्या बाजारात भाव नाही. इंजेक्शनचे पैसे आहेत, एंडोस्कोपीचे आहेत, आयसीयूच्या खाटेचे तर दिवसावर आहेत. पंचवीस मिनिटं बसून गुडघा बदलायची घाई का नको, हे समजावणाऱ्याची बिलात ओळच नसते. वरून यंत्राचे हप्ते, खासगी महाविद्यालयात भरलेलं शुल्क, आणि कटचा, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलच्या दलालीचा, रिवाज. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ साली एका निदान केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पुढं २०१७ साली राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली. मसुदा झाला, कायदा झाला नाही. रुग्णाला पाठवल्याबद्दल दलाली घेणं २००२च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार तसंही निषिद्धच आहे, पण ते सिद्ध करायचं रुग्णानं, ज्याला आपण कुणाच्या चिठ्ठीनं कुठं का गेलो हेच कळलेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं लोकांना पटायला जड जाईल: ‘गरज नाही’ या सल्ल्याची पूर्ण फी आनंदानं द्यावी. हजाराचा फॅमिली डॉक्टर महाग वाटणारी माणसं तीस हजारांच्या अनावश्यक तपासण्या विम्यात बसतात म्हणून करून घेतात. विम्याचे हप्ते कोण भरतं, हे सोयीस्करपणे विसरून.

दुसरं म्हणजे, निवड आजारपणात करायची गोष्टच नाही. छातीत कळ आल्यावर १०८ला फोन लावायचा आणि जवळची सोय गाठायची; तेव्हा तुलना कसली करणार? निवड धडधाकट असताना होते, आणि ती रुग्णालयाची कमी, वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या एका डॉक्टरची जास्त असते. एमबीबीएस झालेला, गल्लीतला, घरातल्यांची नावं ठाऊक असलेला तो माणूस मोठ्या रुग्णालयाच्या पायरीवर तुमच्या बाजूनं बोलू शकतो. स्पेशालिस्टकडे थेट जायची फॅशन आल्यापासून हा माणूस नामशेष होत चाललाय.

ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी मात्र विचारायला भरपूर वेळ असतो. हे नाही केलं तर काय होईल, सहा महिने थांबलं तर? दुसरा मार्ग कुठला आहे? हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता? अन्ननलिकेचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर, बायपास, अशी मोठी कामं जिथं सतत होतात तिथं मृत्यू कमी होतात, हे जगभर अनेकदा दिसलं आहे. तेव्हा हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. भूल कोण देणार? आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी प्रश्न: रात्री इथं कोण असतं? दिवसा नावाजलेल्या डॉक्टरांच्या पाट्या वाचून आपण दाखल होतो. अनेक मध्यम रुग्णालयांत रात्री अडीच वाजता आयसीयूत वेगळ्याच पॅथीची पदवी असलेला एक थकलेला तरुण आणि दोन सिस्टर असतात. त्यांची चूक नाही. पण गुंतागुंत पाट्यांची वेळ बघून येत नाही.

या प्रश्नांना चांगले डॉक्टर चिडत नाहीत. चिडले तर तेही एक उत्तरच आहे, मात्र ओपीडीत बाहेर साठ माणसं बसली असताना कुणी गूगलवरचे बावीस प्रश्न काढले तर माणूस चिडणारच, तेवढं समजून घ्यावं. कागद मागा. केसपेपरची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजे, असं आचार नियमांत आहे. ती घेऊन दुसरीकडे दाखवा. कॅन्सरचं निदान झालं की खेड्यातला माणूसही ‘एकदा टाटाला दाखवून येऊ’ म्हणतो, आणि त्यात स्थानिक डॉक्टरचा अपमान कुणी मानत नाही. पिशवी, गुडघा, स्टेंट यांच्या बाबतीत ही रीत का नसावी? संमतीच्या कागदावरही नुसती सही मागतात म्हणून करू नये. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलं, की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही. उपचार काय, पर्याय काय, धोका काय हे आधी सांगितलं पाहिजे.

रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मंडळाचं प्रमाणपत्र बघावं का? बघावं. हात धुण्यापासून औषधाची चूक टाळण्यापर्यंतच्या पद्धती तिथं लिहिलेल्या आहेत आणि कुणीतरी येऊन तपासल्या आहेत, एवढं त्यातून कळतं. गूगलच्या ताऱ्यांवरून पार्किंग आणि रिसेप्शनवरच्या वागणुकीचं कळतं.

पण या सगळ्या प्रश्नांना एक मर्यादा आहे आणि ती फडावरच्या बाईला आणि हिंजवडीतल्या इंजिनिअरला सारखीच आहे. डॉक्टर सांगतील ते खरं मानण्यापलीकडे दोघांच्या हाती काही नाही. या रुग्णालयात पहिलटकरणींची किती सिझेरियन होतात, पस्तिशीच्या आतल्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, किती जखमा चिघळतात, हे महाराष्ट्रात कुठल्याही नागरिकाला बघता येत नाही. २०२१ साली राज्यानं नर्सिंग होम नियमांत बदल करून दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. रुग्णालयांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नसताना हे पाऊल मोलाचं होतं, जरी ती पाटी शोधावी लागते अशी रुग्णालयं पुष्कळ असली तरी. मात्र दरपत्रक किंमत सांगतं. तिथून माणसं कशी बाहेर पडतात ते कोण सांगणार?

डॉ. बावस्करांचंच पुन्हा उदाहरण देतो. कोकणात विंचूदंशानं दगावणाऱ्यांचं प्रमाण एके काळी ३०-४० टक्के होतं. साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी एकेका रुग्णाची नोंद ठेवली, काय दिलं आणि काय झालं ते लिहिलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघितलं, आणि ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावोगावच्या आरोग्यदूतांकडून प्रत्येक जन्म-मृत्यू मोजून घेतला आणि नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले; ते आकडे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे ना संगमरवरी लॉबी, ना रोबो. मोजणं मोठ्या रुग्णालयांनाच परवडतं, ही सबब इथं टिकत नाही.

डॉक्टर संघटनांचा यावर एक जुना आक्षेप आहे. मृत्यूचे आकडे जाहीर केले तर कुणी कठीण रुग्ण घेणार नाही. न्यूयॉर्क राज्यानं १९९०च्या सुमारास बायपासचे मृत्यूदर प्रसिद्ध करायला सुरुवात केली तेव्हा ही भीती बोलली गेली, आणि ती पूर्णपणे निराधार नव्हती. रुग्णाचं वय, आजाराची तीव्रता धरून हिशोब करावा लागतो, तो बिनचूक जमत नाही. ठीक. मग मृत्यूंपासून सुरू करू नका. केलेल्या कामांपासून करा. पहिलं बाळंतपण, पूर्ण दिवस, एकच बाळ, डोकं खाली: एवढ्याच बायकांत सिझेरियन किती, हे विचारलं की ‘आमच्याकडे अवघड केसेस येतात’ म्हणायला जागा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेलं रॉब्सन वर्गीकरण याच कामाचं आहे.

यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठल्या रुग्णालयानं, कुठल्या तारखेला, कुठलं ऑपरेशन, कुठल्या वयाच्या रुग्णावर केलं, याची नोंद दाव्याबरोबर सरकारकडे येते. त्याशिवाय पैसे सुटत नाहीत. राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या संगणकात ती वर्षानुवर्षं साठली आहे. रुग्णांची नावं काढून, रुग्णालयवार, तालुकावार ती दर वर्षी संकेतस्थळावर टाकायला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही, एक शासन निर्णय पुरे. पहिल्या वर्षी फक्त गर्भाशयाची, स्टेंटची आणि गुडघ्याची ऑपरेशनं टाकली तरी चालेल. पैसे आपलेच आहेत, नोंदीही आपल्याच पैशांनी झाल्या आहेत.